मॅनिंगची मान

श्रूजबरी
रविवार, रात्रीचे साडेदहा

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज तू आईला केलास. तिने मला दाखवला. शुक्रवारी पहाटे पावणेपाचला मी बाहेर गाडी सुरू करून काचेवरचं बर्फ खरवडत होतो, तुला लोगन विमानतळावर सोडायचं म्हणून. तेवढ्यात उबरचे दिवे दिसले. तू बॅग टाकलीस, "येतो" म्हणालास आणि बसलास. स्क्रेपर हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. गाडी मागे सरकत होती तेव्हा पुढे येऊन काच वाजवायला हवी होती. वाजवली नाही.

फोनवर आपलं पुन्हा तेच होईल, म्हणून लिहितोय. आणि तुझ्या मानेबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

थँक्सगिव्हिंगला जेवताना जे झालं ते ब्रेडी-मॅनिंगवरून झालं, अमेरिकन फुटबॉलमधल्या दोन क्वार्टरबॅकपैकी, म्हणजे डाव रचून बॉल फेकणाऱ्यांपैकी, मोठा कोण यावरून, असं आई समजते. गेली वीस वर्षं आपण दोघं तेच भांडतोय, त्यामुळे तिला वाटणारच. कोपऱ्यात डेट्रॉइटची मॅच चालू होती, ताई तिच्या आवडत्या क्वार्टरबॅकची बाजू घेत नेहमीसारखं "तुम्ही दोघं ब्रीझला विसरता" म्हणाली आणि सुरुवात झाली. माझे मुद्दे तुला पाठ आहेत, तुझे मला. सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, ब्रेडीने सातदा जिंकली, मॅनिंगने दोनदा. समोरासमोर सतरा मॅच, त्यातल्या अकरा ब्रेडीच्या. तू म्हणालास, प्लेऑफमध्ये मात्र मॅनिंग ३-२, आणि एएफसीच्या फायनलला, सुपर बोलच्या आधीच्या पायरीला, चारदा भिडले त्यात तीनदा तोच जिंकला. मी म्हटलं, सुपर बोल ५० त्याला डेन्व्हरच्या डिफेन्सने मिळवून दिला, त्याचे पासिंगचे यार्ड फक्त १४१. तू लगेच म्हणालास, "आणि ब्रेडीचे पहिल्या सुपर बोलला किती होते? १४५. तेव्हा तुम्ही डिफेन्सचं नाव काढत नाही."

खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. चार यार्डांचा फरक. सुचलं नाही म्हणूनच मी ते बोललो: जिंकतो तो मोठा, बाकीच्यांचे नुसते आकडे. तू ताटातली बोटं थांबवलीस. "तुमच्याकडे सुपर बोल जिंकल्याची रिंग नसली की माणूस धरतच नाहीत," म्हणालास. तेव्हा कळलं की आता विषय मॅनिंगचा राहिलेला नाही.

तू इंजिनीअरिंगची नोकरी सोडून शाळेत गणित शिकवायला लागलास, संध्याकाळी पोरांना क्वार्टरबॅक शिकवतोस, यावर मी तीन वर्षांत उघड काही बोललो नाही. न बोलणंही तुला ऐकू येत होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तर आता लिहून देतो. तुझ्या वर्गाचा तो व्हिडिओ, ज्यात तू पॅराबोला समजवायला फुटबॉल फेकतोस आणि मागच्या बाकावरचा पोरगा उठून फळ्यापाशी येतो, तो मी किती वेळा पाहिला असेन! ऑफिसात तिघांना दाखवला. सांगलीच्या ग्रुपवरही टाकला.

त्या व्हिडिओत तू उजव्या हाताने फेकतोयस. व्हिडिओ सप्टेंबरचा आहे.

निखिल, गुरुवारी लोणच्याची बरणी तुझ्यासमोर होती. तू झाकणाला हात घातलास, एकदा पिळलंस, दुसऱ्यांदा पिळलंस आणि बोलता बोलता बरणी आईकडे सरकवलीस. तिने सहज उघडली. नंतर पाण्याचं भांडं तू डाव्या हाताने घेतलंस. लहानपणी डाव्या हाताने पाणी प्यायलास की आजी रागवायची. तेव्हापासून तू कधी प्यायलेला नाहीस. मी रिंगांबद्दल बोलत होतो आणि बघत होतो तुझ्या हाताकडे. विचारायचं होतं आणि तोंडातून भलतंच निघत होतं.

ऑक्टोबरात एक पोरगा येऊन तुझ्यावर आदळला, दोन बोटांना मुंग्या येतात, हे तू आईला सांगितलंस. मला सांगितलं नाहीस, ते ठीक आहे. पण दोन महिने होत आले. मुंग्या वेगळ्या आणि झाकण न उघडणं वेगळं. मुंग्या आल्या की माणूस हात झटकतो आणि विसरतो. ताकद गेली तर मानेतली नस दबलेली असू शकते.

बघ, लिहिणार नव्हतो.

दुसरं काहीतरी लिहितो. आपण १९९८ साली कोथरूडहून कोलंबसला आलो, इंडियानात. कमिन्समध्ये पुण्याची इतकी माणसं होती की पहिल्या गणपतीला मोदक पुरले नाहीत. तू दोन वर्षांचा. मॅनिंगही त्याच वर्षी तिथल्या कोल्ट्स संघात आला, ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतला, पहिला. त्याचं पहिलं वर्ष तुला आठवणं शक्य नाही. १३ मॅच हरले, त्याचे २८ इंटरसेप्शन, म्हणजे २८ पास समोरच्यांच्या हातात. इंजिनांच्या टेस्ट सेलमधला माझा सहकारी दर सोमवारी डोकं धरून बसायचा आणि मला खेळ समजावून सांगायचा. मला त्या पोराबद्दल वाटायचं, हाही नवीन, मीही नवीन, दोघांचंही रोज सगळ्यांसमोर चुकतंय. पुढच्या वर्षी तोच संघ १३ जिंकला.

तू सहा-सात वर्षांचा असताना हॉलमध्ये सोफ्याच्या उशा ओळीने मांडून त्यांच्यामागे उभा राहायचास. इकडे बोट, तिकडे बोट, मध्येच मागे वळून ओरडायचास, पुन्हा वाकायचास. आजी तासगावहून आली होती. ती म्हणाली, "अरे, हा हातवारे करून बोलावतोय कुणाला?" तिला मी सांगितलं, हा समोरच्यांची मांडणी बघून आपला डाव ऐनवेळी बदलतोय. आजीला ते लगेच समजलं. पत्त्यांच्या ब्रिजमध्येही असंच असतं म्हणाली. मॅनिंग लायनीवर येऊन जे करायचा, समोरच्या अकरा जणांकडे बघून आणलेला डाव टाकून देऊन तिथल्या तिथे दुसरा रचायचा, ते त्याच्याइतकं कुणी केलं नाही. मी कट्टर ब्रेडीवाला असूनही हे कबूल करतो. यापूर्वी केलं नसेल, आता करतो.

मी ब्रेडीकडे का गेलो, हे तू मला कधी विचारलं नाहीस. आपण २००५ ला इथे, त्याच्या पॅट्रियट्स संघाच्या राज्यात आलो म्हणून, असं तुला वाटतं. तसं नाही. २००० च्या ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर १९९ वा होता. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक उचलले गेले. मी वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रतीक्षा यादीवर होतो, हे तुला माहीत आहे. यादी लावलेल्या भिंतीपाशी अण्णा माझ्या शेजारी उभे होते. वरून खाली, खाली बोट फिरवत माझं नाव सापडलं तेव्हा ते म्हणाले, "लिहिलंय ना? मग झालं." १९९ म्हटलं की मला ती भिंत दिसते. तुला निळा १८ नंबरचा जर्सी दिसतो, तसंच हे.

तो जर्सी घालून तू इथल्या शाळेत गेलास. मॅसॅच्युसेट्समध्ये, चौथीत! पोरं चिडवायची, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. आई धुवायला मागायची, तू द्यायचा नाहीस. मी त्याला हट्टीपणा म्हणायचो. आज वाटतं, तुझ्याइतका निष्ठावान माणूस आपल्या घरात दुसरा नाही.

आणि २१ जानेवारी २००७. तुझी ती जखम मला माहीत आहे. रविवारची रात्र, सकाळी शाळा. २१-३ ने पॅट्रियट्स पुढे होते, हाफला २१-६. तू सोफ्यावर पेंगत होतास. मी म्हटलं, "झोप आता, संपलंय सगळं." उचलून वर नेलं. नंतर काय झालं ते मी खाली बसून बघितलं. कोल्ट्सनी एकेक करत सगळं भरून काढलं, एक मिनिट उरलं असताना त्यांचा आडाई घुसला, मग ब्रेडीचा पास कोल्ट्सच्याच मार्लिन जॅक्सनच्या हातात गेला. ३८-३४. त्या अर्ध्या-पाऊण तासात मी दोनदा जिन्यापर्यंत गेलो. एकदा चार पायऱ्या चढलोही. तुला उठवलं नाही. शाळा आहे म्हणून नाही उठवलं, असं तुला सांगितलं होतं. खरं कारण असं की माझा संघ हरत होता आणि त्या वेळी तुझा आनंद बघवला नसता. दहा वर्षांच्या पोराशी मी असा वागलो. सकाळी तू रडलास, डबा न घेता गेलास. शुक्रवारी उबरच्या मागे उभा होतो तेव्हा मला तो डबाच आठवला.

असो. मुद्दा निकाली काढायचा म्हटलं तर माझ्या मते मोठा ब्रेडीच. २३ सीझन, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत. २००८ ला पहिल्याच मॅचमध्ये गुडघा गेला, वर्षभर बाहेर बसला आणि परत आला. पण २०११ नंतर मॅनिंगने जे केलं त्याच्याशी तुलना करायला माझ्याकडे काही नाही.

तेरा वर्षांत एक मॅच चुकवली नव्हती त्याने. सलग २०८. मग मान. ऑपरेशनं झाली, अख्खं २०११ गेलं. पहिल्यांदा बॉल हातात घेतला तो त्याच्या कॉलेजच्या मित्रासमोर, टॉड हेल्टनसमोर, बेसबॉलवाला. फेकलेला बॉल जेमतेम काही यार्ड गेला आणि पडला. हेल्टनला वाटलं, हा थट्टा करतोय. जगातला सगळ्यात अचूक हात आणि मित्राला वाटतं थट्टा! मार्च २०१२ मध्ये कोल्ट्सनी त्याला सोडलं. तू पंधरा वर्षांचा होतास, जेवला नाहीस. मी तेव्हाही काही बोललो नाही. मग डेन्व्हर, आणि २०१३ मध्ये ५५ टचडाउन पास, आजवर कुणी केले नाहीत इतके. उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना संवेदना पुन्हा आलीच नाही. ग्लोव्ह घालून खेळला.

हे मी तुझ्याच तोंडून ऐकलंय. तू हे दहादा सांगितलंयस, डोळ्यांत पाणी आणून. मग तू तुझ्या हाताचं असं का करतोस? मॅनिंग वर्षभर बसला म्हणून परत फेकू शकला. तू पुढच्याच सोमवारी पोरांसमोर उभा राहिलास. ब्रेडीच्या आधीच्या क्वार्टरबॅकचं, ब्लेडसोचं आठव. २३ सप्टेंबर २००१, समोरच्या संघातल्या मो लुईसने त्याला बाउंड्रीपाशी आडवा केला. तो उठला, थोडा वेळ परत खेळलाही, आणि छातीत आत रक्त साचत होतं. बाहेरून कळत नाही, बाळा. खुद्द त्या माणसालाही कळत नाही. ब्रेडीची सगळी कारकीर्द तिथून सुरू झाली, म्हणून आम्ही इथे त्या दिवसाची गोष्ट हौसेने सांगतो. ब्लेडसोच्या बापाचं त्या रात्री काय झालं असेल, हा विचार माझ्या मनात या आठवड्यात पहिल्यांदा आला.

आणि अण्णांचं तर तू पाहिलंयस. सही वाकडी येते म्हणून बँकेतून चेक परत आला, तेव्हा आम्हाला कळलं. मिरजेला नेलं तोवर उशीर झाला होता. किती दिवस ते डाव्या हाताने उजवा हात धरून लिहीत होते, आणि मी इथे.

लेक्चर झालं. माफ कर. तू एकोणतीस वर्षांचा आहेस, तुझे डॉक्टर तू बघशील. फक्त दोन गोष्टी. एमआरआयला इन्शुरन्स आडवा येत असेल, डिडक्टिबलचं, म्हणजे आधी आपण भरायच्या रकमेचं, काही असेल, तर ते माझ्यावर सोड. शाळेच्या पगारात ते बसवत बसू नकोस. आणि रिपोर्ट येईपर्यंत पोरांना फेकून दाखवू नकोस. तोंडाने शिकव, बोट दाखवून शिकव. तू उशांना शिकवत होतास तसं.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाशील त्या दिवशी मी येऊ का? मी बाहेर बसेन. आत यायचा हट्ट धरणार नाही, डॉक्टरला प्रश्न विचारणार नाही. बोस्टनहून थेट विमान आहे, बघून ठेवलंय. नको म्हणालास तर येणार नाही. पण मग जे कळेल ते आईला कळवून तिच्याकडून मला कळायला नको. मला फोन कर. रात्रीचे दोन वाजले असले, सकाळी माझी मीटिंग असली, तरी कर. उठव मला.

तुझा,
बाबा

ता. क. आईने लोणचं या वेळी बरणीत भरलेलं नाही. चार लहान डब्यांत भरलंय, वरून नुसतं टिचकीने उघडतात ते. मी तिला काही सांगितलं नव्हतं.