पंगतीत की वाढायला?

प्रिय बंड्या,

शिव्या घालतच असशील. घाल. तुझ्या पत्रांना उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच. गुडघा ठीक, साखर आटोक्यात, मंजू मजेत. तब्येतीचा विषय संपला. आज लिहायला बसलोय कारण एक भानगड झालीय, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. मंजूला सांगितली तर म्हणाली, "एवढं काय त्यात? ब्रेडला लोणी तर लावायचंय."

शेजारचे म्हातारबा गेले. तू आला होतास तेव्हा भर पावसात गेटवर उभं करून तुला मेंढ्यांचे भाव ऐकवणारे, तेच. झोपेतच गेले. इथे इंग्लंडात माणूस गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंत्यविधी, त्यामुळे सगळं निवांत चाललंय. काल त्यांची थोरली लेक दारात आली. चर्चनंतर गावच्या हॉलमध्ये चहा-खाणं असतं, त्याची यादी करत होती. मी विचारलं, "समोसे किती करू?" कारण गावचा मेळा असो, नाताळ असो की चर्चच्या छपराची वर्गणी, यादीत माझ्या नावापुढे समोसेच लिहिलेले असतात. आपण मिरजेत समोसे कधी खाल्ले रे? भडंगावर वाढलेली माणसं आपण! पण इथे मी समोसेवाला.

तर बाई म्हणाली, "नको. या वेळी तुम्ही हॅम सॅन्डविच करा. हॅम मी आणून देते."

बस्स, एवढंच. आणि रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही.

आधी वाटलं, झालं! बापाच्या मयताला तुमचे मसाले नकोत, असं नीट शब्दांत सांगून गेली. आणि यॉर्कशरच्या या वेन्सलीडेल खोऱ्यात ते अशक्य नाही. इथे शेजारच्या खोऱ्यातून आलेलाही बाहेरचाच, 'ऑफकमडन'. पोस्टातल्या बाई लीड्सहून लग्न होऊन आल्या, आता त्यांना पणतवंडं झाली, तरी "त्या लीड्सच्या." मग मिरजेच्या माणसाचा नंबर कधी लागणार, तूच हिशेब कर. तोंडावर कुणी वाईट बोलत नाही. बर्फात गाडी अडकली तर ट्रॅक्टर घेऊन येतात, पैसे घेत नाहीत. पण घरात बोलावून चहा पाजायला वर्षं घेतात.

खाण्याच्या बाबतीत तर विचारूच नकोस. हॉजच्या कारखान्यातलं चीज म्हणजे यांचा देव. 1992 साली मालक कंपनीने तो कारखाना बंद केला आणि वेन्सलीडेल चीज करायचं ठरवलं कुठे? लँकेशरमध्ये! पंधराव्या शतकात यॉर्क आणि लँकेस्टर या घराण्यांनी गादीसाठी एकमेकांची डोकी फोडली, त्याचं उट्टं अजून क्रिकेटमध्ये काढतात ही माणसं, आणि त्यांचं चीज तिकडे! शेवटी तिथल्याच व्यवस्थापकांनी कारखाना विकत घेऊन त्याच वर्षी पुन्हा सुरू केला. म्हातारबा ही गोष्ट कालच घडल्यासारखी सांगायचे. यॉर्कशर पुडिंग, म्हणजे मैदा-अंडी-दुधाचं भाजून फुगवलेलं, खरं तर मटणाच्या आधी, नुसतं ग्रेव्हीत बुडवून खायचं, म्हणजे पोट भरतं आणि मटण कमी लागतं. चिकटपणात आपल्या देशपांडे मास्तरांनी शिकवणी लावावी असे हे लोक. 2008 साली रसायनशास्त्राच्या रॉयल सोसायटीने जाहीर केलं की चार इंचांहून कमी फुगलं तर ते यॉर्कशर पुडिंगच नव्हे. म्हातारबांना सांगितलं तर म्हणाले, "चारच?"

पण मग पहाटे दुसरंच मनात आलं. हॅमशिवाय मयत म्हणजे इथे मयतच नाही. 'हॅम देऊन पुरला' म्हणजे रीतसर पुरला, असं जुनी माणसं म्हणतात. ते काम मेळ्यातल्या समोशांसारखं हौशी माणसाकडे जात नाही. ते चार-पाच ठरलेल्या घरांतच असतं. लीड्सच्या त्या बाईंकडे फक्त केक आलाय, मी यादी पाहिली.

तुझ्या आजीचं तेरावं आठवतंय ना? मला पंगतीत बसवलंस आणि अन्याला वाढायला उभं केलंस. मठ्ठ्याचा तांब्या घेऊन तो माझ्यासमोरून असा मिरवत गेला की जिलबी घशाखाली उतरेना. दिवाळीपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. तू म्हणत राहिलास, "अरे, मान दिला तुला." डोंबलाचा मान! मान परक्याला देतात. जातीचं म्हणावं तर अन्याही तुमच्यातला नव्हता. म्हणून तुला विचारतोय. हे वाढायला उभं केलंय की दाराबाहेर ठेवलंय?

अजून एक गुंता आहे. म्हातारबांना समोसा आवडायचा. इथे फ्रूट केकबरोबर चीज खातात, तसं ते गेटवर उभ्या उभ्या समोसा फोडून आत वेन्सलीडेलचा तुकडा दाबायचे आणि उरलेले रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकायचे. लेकीला त्याचा पत्ताच नाही. खिसे धुताना तेलाचे डाग दिसले असतील तेवढेच. मग चार समोसे न विचारता नेऊन ठेवू का? मंजू म्हणते, गप्प सांगितलं ते कर. तिचं काय, ती हॅम, म्हणजे डुकराचं मांस, घरात घ्यायला तयार नाही, डिकीत ठेव म्हणते. शिवाय लोणी पार कडेपर्यंत लागलं पाहिजे, मोहरीचा सॉस वेगळ्या वाटीत, आणि काकडी घातली तर गाव सोडावं लागेल, असं लेक दोनदा बजावून गेलीय.

सायलीचं कुठे जमलं का? गाळ्याची केस मिटली असेल अशी आशा. वहिनींना नमस्कार, त्यांच्या पाठीचं कळव. अन्याला हे पत्र दाखवू नकोस.

पुढच्या शुक्रवारी दफन आहे, त्याआधी फोन कर. आणि एकदाचं खरं सांग, त्या दिवशी मला का बसवलंस? आता नाही रागावत. बहुतेक.

तुझा,
पम्या