चिआंग माईच्या त्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यांचे आभार

चिआंग माईला थाई स्वयंपाक शिकायला आम्ही मायलेकी गेलो, त्यात आई पक्की शाकाहारी. तिथे नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, मिठासारखा पडतो आणि करीच्या वाटणात आंबवलेली कोळंबी असते. तरी शिक्षिकाबाईंनी जराही कुरकुर न करता आईसाठी वेगळा दगडी खलबत्ता आणि वेगळी कढई मांडली. माशाच्या सॉसऐवजी सोया सॉस. ताई, सगळ्यात आधी तुमचे आभार.

बाजारातल्या भाजीवाल्या मावशींचेही. भाषा एक नाही, तरी त्यांनी गलांगल, म्हणजे आल्यासारखा दिसणारा कंद, आणि आलं दोन्ही मोडून आईच्या नाकाशी धरलं. कोथिंबिरीची मुळं आपण सरळ फेकतो. हिरव्या करीला तीच लागतात, गवती चहाचा खालचा पांढरा दांडा आणि मकरूट लिंबाची साल यांच्यासोबत. मावशींनी वर मूठभर मिरच्या फुकट घातल्या. (इवल्याशाच. पण लवंगी मिरचीवर वाढलेल्या आईनेही पाणी मागितलं!)

कुटून कुटून माझा हात भरून आला, तेव्हा शेजारच्या ओट्यावरच्या आजोबांनी न विचारताच बत्ता हातात घेतला. नारळाच्या घट्ट दुधाला तेल सुटेपर्यंत वाटण परतायचं, घाई नाही, हे शेजारी उभं राहून दाखवणारी मदतनीस मुलगी, मागे आमची ढीगभर भांडी घासणाऱ्या काकू आणि पिशव्या सांभाळत हॉटेलच्या दारात सोडणारे लाल सोंगथेव, म्हणजे तिथली शेअर टॅक्सी, चालवणारे दादा, तुमचेही मनापासून आभार. उरलेली करी आईने दुसऱ्या दिवशी सकाळीच भाताबरोबर संपवली.