माझी छापलेली यादी चुकीची आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरत्या वर्षात आवडलेल्या पाच पुस्तकांची यादी आपण वाचकांकडून मागवली होती. मीही पाठवली आणि आपण ती माझ्या नावासकट छापलीत. त्या यादीत चूक आहे. चूक छपाईची नाही, माझी आहे. ती दुरुस्त व्हावी म्हणून हे पत्र लिहिते आहे.

त्या पाचांपैकी एकच पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलं होतं. दुसरं निम्म्यावर सोडलं. उरलेली तीन वाचनालयातून आणली, दोनदा मुदत वाढवून घेतली आणि प्रस्तावनेपुढे न जाता परत केली. तरीही यादीत तीच घातली, कारण माझ्या नावाखाली तीच शोभतील असं वाटलं. मी एकतीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं आहे. दुसऱ्याच्या मजकुरात एक अनुस्वार सुटला तरी मला रात्रभर चैन पडत नसे, आणि स्वतःच्या नावाखाली मात्र मी धडधडीत खोटं छापून घेतलं.

खरं काय वाचलं ते आता सांगते. अकरा रहस्यकथा, चार प्रेमकथा आणि भुताखेतांच्या गोष्टींचा एक जाडजूड संग्रह. त्यातलं बहुतेक सगळं मोठ्यानं वाचलं, माझ्या थोरल्या बहिणीसाठी. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मधुमेहानं तिचं दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, गेलं. आता तिला उजेड कळतो, माणसाचा आकार कळतो, अक्षर कळत नाही. रोज दुपारी दोन तास मी वाचते, ती ऐकते. प्रकरण संपलं की ती एवढंच म्हणते, "पुढे?"

सकाळी तिला वर्तमानपत्रही मीच वाचून दाखवते. यादी छापून आली त्या दिवशी ते पान मी गाळणार होते. पण पानं उलटल्याचा आवाज तिला बरोबर कळतो. "मधलं पान का टाकलंस?" म्हणाली. मग वाचावं लागलं, माझ्या नावासकट. ती पाचही नावं शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "यात आपली पुस्तकं कुठायत गं?"

मला उत्तर देता आलं नाही. ती रागावली नव्हती, हे जास्त लागलं. आमच्या त्या सगळ्या दुपारी मी लाजेखातर पुसून टाकल्या होत्या.

ही लाज आली कुठून, याचा तेव्हापासून विचार करते आहे. लहानपणी माझ्या हातात असलं पुस्तक दिसलं की वडील म्हणत, "डोळे फुकट घालवू नकोस." ते वाईट मनानं म्हणत नसत. त्यांना शिकायला मिळालं नव्हतं, त्यामुळे वाचणं म्हणजे वर चढणं असंच ते मानत. पण ते वाक्य माझ्यात इतकं मुरलं, की साठी उलटल्यावरही कुणी "काय वाचतेस?" म्हणून विचारलं की मी पुस्तक पालथं घालते आणि म्हणते, "काही नाही, असंच."

हे "असंच" फार जुनं आहे, हे मला पुढे कळलं. इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिन हिच्या मृत्यूनंतर, 1817 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत एक मुलगी वाचत बसलेली आहे. काय वाचतेस असं विचारल्यावर ती पुस्तक खाली ठेवते आणि, नुसती कादंबरी आहे, असं ओशाळून म्हणते. तिथे लेखिका कथा थांबवून कादंबरीच्या बाजूनं उभी राहते. म्हणजे आज ज्याला आपण गंभीर वाचन म्हणतो, त्यातलंच पुस्तक तेव्हा पालथं घातलं जात होतं. लाज तीच राहिली, फक्त एका कपाटावरून दुसऱ्या कपाटावर सरकली.

आणखी एक गोष्ट कामानिमित्त हाती आली होती. एका विज्ञानविषयक पुस्तकाची प्रुफं तपासताना डार्विनच्या आत्मचरित्रातला उल्लेख सापडला. हे आत्मचरित्र त्यानं 1876 मध्ये लिहिलं. उतारवयात त्याला कवितेची एक ओळ सहन होईना, शेक्सपिअर वाचवेना. कादंबऱ्या मात्र, त्याही फार उच्च दर्जाच्या नसलेल्या, त्याला वर्षानुवर्षं विसावा आणि आनंद देत राहिल्या. घरची माणसं त्या त्याला मोठ्यानं वाचून दाखवत. शेवट दुःखाचा नसावा अशी त्याची अट होती, आणि तसल्या शेवटाविरुद्ध कायदा करायला हवा असं त्यानं लिहून ठेवलं आहे. त्या दिवशी मी त्यातली वेलांटी तपासली आणि पुढे गेले. ताईला वाचून दाखवायला लागल्यावर तो मजकूर नीट आठवला. तिला सांगितला, तर म्हणाली, "त्याचे डोळे शाबूत होते का?" होते, म्हटलं. "मग त्याला आवाज हवा असेल."

माझ्यापुरतं बोलायचं तर माझे डोळे शाबूत आहेत, पण कामानं त्यांना एक खोड लागली आहे. प्रुफं वाचणं म्हणजे वाचणं नव्हे. शब्द फोडून, काना-मात्रा मोजत, तळटिपेचा आकडा वर आहे ना हे बघत जायचं. अर्थ लागला की चूक निसटते, म्हणून अर्थापासून लांब राहायचं. निवृत्तीनंतर जड पुस्तक उघडलं की डोळे आपोआप तसेच चालायला लागतात. पान संपतं, डोक्यात काही नसतं. रहस्यकथेत मात्र ते घडत नाही. एकदा खून झाला की ऱ्हस्व-दीर्घाची आठवणच राहत नाही. इतक्या वर्षांनी मला शाळकरी मुलीसारखं वाचता येऊ लागलं ते या पुस्तकांमुळे.

आणि ती मुळीच सोपी नसतात, निदान चांगली तरी नसतात. मागच्या महिन्यात एका कथेत एक पात्र म्हणालं, की दिवे गेल्यावर मी बोळात उभा राहून ते पत्र वाचलं. मी वाक्य वाचून पुढे गेले. ताईनं हात वर केला. "थांब. दिवे गेले होते ना? मग वाचलं कसं?" आम्ही सव्वीस पानं मागे गेलो. दिवे खरंच गेले होते. मी छापील अक्षरात आयुष्य काढलं आणि ती चूक माझ्या नजरेतून सुटली. लेखकानं ती मुद्दाम उघड्यावर ठेवली होती. एवढं कसब असलेल्या लिखाणाला "टाइमपास" म्हणून बाजूला सारणं मला आता अन्यायाचं वाटतं. फसवी पुस्तकंही असतात. पुरावा वाचकापासून लपवायचा आणि शेवटच्या पानावर कुठला तरी जुळा भाऊ आणायचा, असल्या लेखकांचा आम्हा दोघींना मनापासून संताप येतो.

सगळी पुस्तकं सारखीच, असं मी म्हणत नाही. यादीतलं जे एक पुस्तक मी पूर्ण वाचलं, त्यानं मला आठवडाभर झोपू दिलं नाही, आणि ते रहस्यकथेला जमणारं नाही. ते यादीत राहू द्या. पण उरलेली चार मी पूर्ण न वाचताच मिरवली, त्यात त्या पुस्तकांचाही मान राहिला नाही.

परवा वाचनालयात बारावी रहस्यकथा घेताना मागची तारखांची चिठ्ठी पाहिली. शिक्क्यावर शिक्का, जागा संपली म्हणून खाली दुसरी चिठ्ठी जोडलेली. एका पानाच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढलं आहे, नेमकं जिथं मलाही शंका आली तिथं. एवढी माणसं हे पुस्तक घरी नेतात, पण आपण छापलेल्या याद्यांमध्ये असलं एकही पुस्तक मला दिसलं नाही. माझ्यासारखं आणखी किती जणांनी केलं असेल, कुणास ठाऊक.

तरी माझ्या यादीतली शेवटची चार नावं काढून टाकावीत आणि त्या जागी "अकरा रहस्यकथा, बहिणीबरोबर" एवढंच छापावं, ही विनंती. जागा कमी असेल तर हे पत्र कापलंत तरी चालेल, फक्त ती ओळ राहू द्या. ती मला सकाळी ताईला वाचून दाखवायची आहे.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक