महिन्याची फळी

निपाणी,
3 जून

प्रिय सुमे,

तुझं पत्र येऊन महिना झाला. फोनवर आपण दोनदा बोललो, पण तू जे विचारलं होतंस ते फोनवर सांगून भागणारं नव्हतं. आज सुट्टी आहे, पावसाची भुरभुर आहे, म्हणून दुपारीच वही घेऊन बसले.

तू विचारलंस, दर महिन्याला आरोग्याचा एक विषय घेऊन पुस्तकं मांडता म्हणजे नेमकं करता काय? आणि लोक वाचतात का? उत्तर थोरल्या काकूपासून सुरू करावं लागेल.

काकूच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला होता. एका दवाखान्यात गेली, तिथल्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला लिहून दिलं. चिठ्ठी इंग्रजीत, सोबतचं छापील पत्रक कानडीत. कुणी समजावून सांगितलं नाही आणि काकूनंही विचारलं नाही. दोन्ही कागद घडी घालून रेशनकार्डाच्या डब्यात ठेवले. दिवाळीला फराळ करताना तिला चकलीचा तुकडा चावता येईना, तेव्हा मी डबा उघडला. चार महिने गेले होते गं. ऑपरेशन झालं, गालाचा भाग काढावा लागला. आता बरी आहे, बोलते थोडं अडखळत. पण ते चार महिने माझ्या मनातून जात नाहीत. घरात शिकलेली पुतणी होती आणि कागद डब्यात पडून राहिला.

त्यानंतर मी वाचनालयाच्या मंडळींकडे एक फळी मागितली. दारातून आत आलं की समोर दिसेल अशी, एकच. महिन्याला एक विषय, त्यावरची मराठी पुस्तकं, पुस्तिका, कात्रणं, आणि वर मोठ्या अक्षरात चार ओळी: काय दिसलं तर दुर्लक्ष करू नये, कुठे जावं, फुकट काय मिळतं. सोबत दोन-तीन कथा-कादंबऱ्याही ठेवते. नुसत्या आजारपणासाठी कोण येणार?

साहित्य मिळवणं सोपं नाही. कोल्हापूरहून मराठी पुस्तिका येतात, भाषा छान, पण शेवटच्या पानावर दवाखाने, कार्डाचे नियम, अर्ज कुठे करायचा ते सगळं तिकडचं. इथल्या सरकारी पत्रकात माहिती आपल्या उपयोगाची, पण ती कानडीत. मला कानडी बोलता येतं, वाचताना अजून बोट ठेवावं लागतं. मग शेजारच्या कानडी शाळेतल्या बाई आणि मी बसतो, त्या वाचतात, मी मराठीत लिहिते, आणि तो कागद आम्ही मराठी पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर चिकटवतो. देवचंदला जाताना आपण रोज दोनदा राज्य बदलायचो आठवतं? घर कर्नाटकात, कॉलेज अर्जुननगरला महाराष्ट्रात. तेव्हा गंमत वाटायची.

मार्चमध्ये क्षयरोग घेतला होता. 24 मार्च 1882 ला रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, म्हणून तो दिवस जागतिक क्षयरोग दिन. पण फळीवर सगळ्यांत जास्त वाचली गेलेली ओळ वेगळीच होती: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या, तपासणी फुकट, औषध फुकट, आणि उपचार चालू असेतो आहारासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात. आधी 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून दुप्पट झाले. विड्या वळणाऱ्या दोघीजणी ती ओळ उतरवून घेऊन गेल्या. एप्रिल तसाच गेला, उन्हात कुणी फिरकलंच नाही.

आणि मग मे. 31 मे तंबाखूविरोधी दिन. सुमे, निपाणीत! बैठकीत एक जुने सभासद म्हणाले, "बाई, ज्या पिकावर हे वाचनालय उभं राहिलं, त्याच्याविरुद्ध फलक लावणार?" मला राग नाही आला. 1981 साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या पाठीमागे शेतकरी महामार्गावर बसले होते, तेव्हा माझे बाबा त्यांत होते आणि आपण दोघी चौथीतल्या पोरी भाकऱ्यांची चळत घेऊन जायचो. गोळीबार झाला त्या रात्री आई दारात बसून होती. हे पीक म्हणजे आमच्याकडे पोरीचं लग्न आणि पोराची फी. हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईला "तंबाखू सोडा" असं सांगायला मी कोण? पण काकूचा गाल मी पाहिला आहे. मी त्यांना म्हटलं, पिकाबद्दल एक अक्षर लिहिणार नाही, तोंडाबद्दल लिहीन. ते मानले.

फळी लावली. आठ दिवस एकही बाई आली नाही. कशी येणार? हजाराचा आकडा पुरा करायचा तर उजाडल्यापासून सूप मांडीवरून हलत नाही. ग्रंथालयशास्त्राचे रंगनाथन यांनी 1931 साली पाच नियम मांडले, त्यातला चौथा: वाचकाचा वेळ वाचवा. मी पुस्तिका पिशवीत घातली आणि काकूला घेऊन गल्लीतल्या पडवीत गेले, जिथे सातआठजणी एकत्र बसतात. त्यांचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात.

तू कित्येक वर्षांत पाहिलं नसशील. कातरलेलं ओलसर पान, त्यावर चिमूट तंबाखू, दोन बोटांत वळली, तोंड नखानं दुमडलं, दोरा गुंडाळला, पुढची. मान वर होत नाही. मी वाचत होते आणि कात्रीचा आवाज चालू होता. "आमी कुठं तंबाखू खातो, मिश्रीच लावतो," एक म्हणाली. मी म्हटलं, मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच ना? तेव्हा कात्री थांबली. सकाळी दात घासायला आणि मग भूक मारायला दिवसातून चारदा लावतात, पण तंबाखूच्या हिशेबात ती कुणी धरत नाही. काकूनं तोंडावरचा पदर बाजूला केला आणि गाल दाखवला. "चाळीस वर्सं लावली," एवढंच म्हणाली.

मग पुस्तिकेतली तीन बोटांची खूण सांगितली. तोंड उघडून तीन बोटं उभी आत जातात का पाहायचं. आधी हात धुवायला लावले, त्या हातांनी नको. सगळ्यांची गेली, एकीची गेली नाहीत. पस्तिशीची असेल, दिवसभर सुपारी चघळते. सुपारीनं गालाची कातडी आतून आखडत जाते, आणि हे लवकर कळलं तर बरं असतं. दुसऱ्या दिवशी काकूच तिला तपासायला घेऊन गेली. या वेळी कागद डब्यात गेला नाही, माझ्याकडे आला. तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, याही खुणा त्यांना आता पाठ आहेत. सोडायची असेल त्यांच्यासाठी 1800-11-2356 हा फुकट नंबर भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला आहे. शिवाय कामाच्याच गोष्टी: नाकाला फडकं, तान्ह्याला घेण्याआधी साबणानं हात, सूप लेकरू झोपतं त्या खोलीत नको.

आता दर गुरुवारी दुपारी मी तिथेच जाते. निम्मा वेळ आरोग्याचं, निम्मा वेळ कादंबरीचं प्रकरण. कादंबरीला कात्र्या जास्त वेळा थांबतात.

जूनला सर्पदंश घेतला आहे. पहिल्या पावसात शेतात आणि घरात दोन्हीकडे भीती. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, म्हणून माणूस परत झोपतो, आणि पहाटे पापण्या जड होतात. बांधायचं नाही, कापायचं नाही, चावलेला भाग हलवायचा नाही, 108 ला फोन. ऑक्टोबरला मनाचं आरोग्य, त्यासाठीचा 14416 हा सरकारी मदतीचा नंबर आणि सोबत कवितासंग्रह. ऑक्टोबरसाठी मला फार विचार करायचा आहे, कारण पडवीत हे दुखणं कुणाला नाही असं नाही, फक्त त्याला नाव नाही.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. पाळी जातानाच्या त्रासावर मराठीत सरळ लिहिलेलं काही मिळालं तर पाठव, गुरुवारी तिघींनी कानात विचारलं. आणि ठाण्यात मोठ्या टायपातली पुस्तकं मिळतात का बघ, संध्याकाळी पडवीत चाळीसचा दिवा असतो.

काकू इथेच बसली आहे. म्हणते, सुमीला लिव्ह, कादंबरीतल्या त्या धाकटीचं पुढं काय झालं ते मला ठाऊक हाय, पण मी कुणाला सांगत न्हाई.

तुझी,
मंदा