राष्ट्रीय सुरक्षेचे कारण कधी तरी सांगाल का? अमेरिकेच्या सॉलिसिटर जनरलना खुले पत्र

मा. सॉलिसिटर जनरल,
अमेरिकेची संयुक्त संस्थाने, वॉशिंग्टन.

महोदय,

गेल्या आठवड्यात एका सरकारी कार्यालयाचे दोन ओळींचे उत्तर मला आले. आईचे तेरावे करून पुण्याहून परतताना, हाती अमेरिकी पासपोर्ट असूनही मला विमानतळावरच्या बंद खोलीत रात्रभर बसवून ठेवले, फोन काढून घेतला आणि इन्सुलिनची पिशवी समोर दिसत असूनही तिला हात लावू दिला नाही. त्याचे कारण राष्ट्रीय सुरक्षेमुळे सांगता येत नाही, असे त्यात कळवले आहे. इंग्रजी तक्रारीची ही गत झाल्यामुळे हे पत्र मराठीत लिहीत आहे.

सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणाऱ्या आपल्यालाच लिहिण्याचे कारण जुने आहे. जपानशी युद्ध चालू असताना, 19 फेब्रुवारी 1942 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 9066 क्रमांकाचा आदेश काढला आणि सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाची माणसे, ज्यांतले दोन तृतीयांश याच देशाचे नागरिक होते, छावण्यांत डांबली गेली. ओकलंडचा फ्रेड कोरेमात्सू गेला नाही म्हणून गुन्हेगार ठरला आणि 18 डिसेंबर 1944 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. सरसकट सर्वांना न हलवता एकेका माणसाची तपासणी करावी, असे नौदलाच्या गुप्तवार्ता विभागातील केनेथ रिंगल यांनी आधीच लिहून दिले होते. तो अहवाल न सांगणे हे पुरावा दडपण्यासारखे होईल, असा इशारा न्यायखात्यातीलच एडवर्ड एनिस यांनी दिला होता. तरीही आपले पूर्वसूरी चार्ल्स फाही न्यायालयासमोर गप्प राहिले. ही हकालपट्टी राबवणारे पश्चिम किनाऱ्याचे लष्करी प्रमुख जनरल डेविट यांनी तिच्या समर्थनार्थ दिलेल्या अहवालाची मूळ आवृत्ती तर जाळण्यात आली आणि तिची वाचलेली एक प्रत पुढे संशोधक आयको हर्झिग-योशिनागा यांना अभिलेखागारात सापडली.

2011 मध्ये आपल्याच कार्यालयाच्या वतीने नील कत्याल यांनी ही चूक जाहीरपणे मान्य केली आणि न्यायालयाशी पूर्ण प्रामाणिक राहणे हे या पदाचे कर्तव्य असल्याचे सांगितले. आम्ही भाबडे लोक, आम्हाला ते वचन वाटले! 2018 मध्ये, ट्रम्प सरकारने मुख्यतः मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर घातलेल्या प्रवासबंदीचा खटला आला, तेव्हा ज्या तपासणीवर ती बंदी उभी होती तिचा अहवाल सरकारने जाहीर केला नाही. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी कोरेमात्सू निकाल पहिल्या दिवसापासून चुकीचा होता असे लिहिले आणि त्याच निकालपत्रात बंदी कायम केली.

या व्यवस्थेत शिक्षा कोणाला होते, तेही पाहावे. कोरेमात्सू यांच्या नावावरचा डाग पुसायला 1983 उजाडले. फाही मात्र अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि कॅलिफोर्नियातून या हकालपट्टीचा आग्रह धरणारे अर्ल वॉरन थेट सरन्यायाधीश झाले. 1988 च्या कायद्याने माणशी 20,000 डॉलर दिले, तेही तोवर जिवंत राहिलेल्यांना. बाकीच्यांनी मरण्याची घाई केली, असेच म्हणायचे.

माझी मागणी लहान आहे. सुरक्षेच्या नावाने आपण न्यायालयात उभे राहाल, तेव्हा आपल्याच खात्यांतील विरोधी अहवालही न्यायाधीशांसमोर ठेवावेत. आणि त्या रात्री माझ्याविषयी कोणी काय लिहिले, तो कागद मला द्यावा. तो जाळला असल्यास तसे लेखी कळवावे.

आपला,
एक मराठीभाषक अमेरिकी नागरिक