काका, आईच्या हातात तांब्या परत दिलात त्याबद्दल

काका नमस्कार. नाव घालू नकोस म्हणालात म्हणून घालत नाही, पण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या ओळखीच्या मंडळींना कळेलच. समोर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून इथे लिहितोय.

आमच्या वाड्याचं जोतं पणजोबांच्या वेळचं, सँडस्टोनचं. गेली काही वर्षं त्याचे पापुद्रे निघत होते, सकाळी झाडलं तरी संध्याकाळी खाली रेती पडलेलीच. ठेकेदार आला, बघितलं न बघितल्यासारखं केलं, खाली सिमेंटचा जाड गिलावा थापला आणि पैसे घेऊन गेला. नंतर गिलाव्याच्या वरचा दगड आधीपेक्षा जास्त झडायला लागला तर दुसरा एक म्हणतो ऑइल पेंट मारा. आणि दोघांचं कारण एकच, तुमच्या आई रोज तुळशीला पाणी घालतात, ओटा सदा ओला, दगड सडणारच. आमच्या घरातल्या मोठ्यांनीही माना डोलावल्या. आई काही बोलली नाही, दुसऱ्या दिवसापासून तुळशीला चमच्याने पाणी घालायला लागली. चमच्याने, काका. हा राग माझा अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात, चपला काढल्या आणि सरळ जमिनीवर बसलात. भुकटी बोटावर घेऊन जिभेला लावलीत, म्हणालात खारट आहे, चाखून बघ. मग खिशातलं भिंग माझ्या मुलीच्या हातात दिलंत आणि तिला वाळूच्या कणांमध्ये पांढऱ्या बारीक सुया दिसल्या. लोणा, म्हणजे दगडात साचलेलं मीठ. जमिनीतलं पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं दगडात चढतं, सोबत क्षार आणतं, पूर्वी ते चुन्याच्या दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या चुन्याने भरलेल्या सांध्यांमधून, वाळून जायचं, सिमेंटने ती वाट बुजवली, वर स्वतःचे क्षारही घातले, मग पाणी दगडाच्याच अंगातून बाहेर पडायला लागलं, पाणी उडून जातं, मीठ छिद्रांत राहतं आणि त्याचे स्फटिक वाढत वाढत कण आतून ढकलून सुटे करतात. एवढं सांगून तुम्ही आम्हाला गल्लीकडच्या बाजूला नेलंत. तिथे तुळस नाही, कोणी पाणी घालत नाही, आणि दगड तेवढाच झडलाय.

मग तुम्ही काही न बोलता नळावर तांब्या भरलात, आईसमोर धरलात आणि सगळ्यांच्या देखत म्हणालात, "वहिनी, घाला, यात तुमचा काडीचाही दोष नाही." आईने पूर्ण तांब्या घातला. बाकी सगळं काम, सिमेंट काढणं, कागदाच्या ओल्या लगद्याने क्षार ओढून घेणं, चुन्याने दर्जा भरणं, ते मोलाचं आहेच, पण माझ्यासाठी तो तांब्या सगळ्यात मोठा.

मुलीचंही सांगतो. विदारणाचा, म्हणजे खडक झिजून फुटण्याचा, धडा तिला पाठ होता, कायिक आणि रासायनिक, दोन रकाने. तुम्ही तिला दाखवलंत की दगडाला असे रकाने नसतात. मे महिन्यात दुपारी तापणं, रात्री निवणं, पिंपळाचं मूळ, हे मीठ, हे दगड फोडतात पण त्याचा पदार्थ बदलत नाहीत. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, ते कणांना धरून ठेवणारा चुना विरघळवतं, दगडातल्या फेल्डस्पार या खनिजाची माती करतं, लोखंडाला गंज आणून पिवळे-तांबडे डाग पाडतं, आणि क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे, कण मात्र बहुतेक तसेच राहतात, म्हणून खाली रेती पडते. आणि दोन्ही एकमेकांना मदत करतात. १ मीटरचा ठोकळा बाहेरून ६ चौरस मीटर, त्याचेच ८ सारखे तुकडे केले तर १२, म्हणजे पाण्याला शिरायला दुप्पट जागा. हे ती आता येईल त्या पाहुण्याला सांगते. परवा किल्ल्यावर जाताना १५व्या शतकातल्या, तोमर राजांच्या काळातल्या त्या जैन मूर्तींसमोर थांबून कुठे पाणी ओघळतं आणि कुठे पापुद्रा सुटलाय ते शोधत बसली, आम्हाला पुढे जाऊच देईना.

तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं वाटतं हो. आपल्याला येतं ते समोरच्याला लहान न करता सांगणं, पैसे विचारले तर नुसतं हसणं, आणि घरातल्या सगळ्यात गप्प माणसाकडे आधी लक्ष जाणं, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात मला माहीत नाही, पण तुमच्या विद्यार्थ्यांचा मला हेवा वाटतो.

गल्लीकडची बाजू दसऱ्यानंतर कामाला काढतोय. त्यावेळी नुसत्या चहावर निघायचं नाही, जेवूनच जायचं, आईने बजावून सांगितलंय, आणि येताना काकूंनाही घेऊन या.