कोणते व्रत मोडले?

महोदय,

कालच्या पुरवणीतला पाचारणावरचा, म्हणजे फादर-सिस्टर होण्यासाठी येणाऱ्या देवाच्या हाकेवरचा, लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत. मजकुराबद्दल मात्र तसे म्हणवत नाही. त्यातला मुलगा धर्मप्रांतीय सेमिनरीत, म्हणजे बिशपांच्या हाताखालचे फादर घडवणाऱ्या विद्यालयात, तिसऱ्या वर्षाला होता असे सांगून पुढच्याच ओळीत तो 'व्रत मोडून पळाला' असे आपले लेखक ठोकून देतात. कोणते व्रत, तेवढे कळवावे.

धर्मप्रांतीय उमेदवार डिकनपदाच्या, म्हणजे फादर होण्याआधीच्या पायरीच्या, दीक्षेपर्यंत कोणत्याही व्रताने बांधलेला नसतो. ब्रह्मचर्याचे आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचे वचन तो त्या दीक्षेच्या वेळी देतो. दारिद्र्याचे व्रत तर तो फादर झाल्यावरही घेत नाही. ते जेज्विट, फ्रान्सिस्कन अशा संन्यासी संघांतल्या व्रतस्थांचे. तत्त्वज्ञानाची किमान दोन आणि ईशज्ञानाची (धर्मशास्त्राची) चार वर्षे अभ्यासाला ठेवलेली असतात, ती नुसती पुस्तके पाठ करायला नव्हेत. आपले पाचारण हे नव्हे, असे तिसऱ्या वर्षी ज्याला उमगले त्याच्यासाठी सेमिनरीने आपले कामच केले म्हणायचे.

व्रतस्थांच्या बाबतीतही 'पळाला' हा शब्द बहुतेक वेळा खोटाच. नोव्हिसला, म्हणजे व्रतांआधीच्या उमेदवारीत (नोव्हिशिएटमध्ये) असलेल्याला, केव्हाही निघून जाता येते, कुणाची परवानगी लागत नाही. बहुतेक संघांत पहिली व्रते ठरावीक मुदतीची असतात: किमान तीन वर्षांची, कमाल सहा, आणि वाढवून दिली तरी एकूण नऊच. मुदत संपली की पुन्हा व्रते न घेता सरळ घरी जाता येते. अर्ज, अनुज्ञा, संस्थेची रीत पाहून बिशप किंवा थेट रोम, हा खटाटोप मुख्यतः अंतिम व्रतांनंतरचा. हा फरक कुठल्याही सिस्टरने दोन मिनिटांत सांगितला असता. विचारले असते तर.

'पळाला' म्हटल्याने होते काय, तर परत आलेला मुलगा पुढे दुसरीकडे अर्ज करताना आधीची सेमिनरी लपवतो. तिथेच घात होतो. सोडून आलेल्या किंवा काढून टाकलेल्या उमेदवाराबद्दल, विशेषतः कारणाबद्दल, नव्या बिशपांना आधीच्या वरिष्ठांचे लेखी मत मागवावेच लागते. गोष्ट उघडकीस येते, आणि मग सोडण्यापेक्षा लपवणेच जास्त महागात पडते.

जाता जाता लेखासोबतच्या चौकटीविषयी. 'वय १५ पासून नोव्हिशिएट' म्हणे! १७ पूर्ण नसतील तर तो प्रवेशच अवैध. 'सुट्टीत घरी राहता येते' हेही मोघम. १५ दिवसांहून जास्त गैरहजेरी भरून काढावी लागते, आणि तुकड्यातुकड्यांनी का होईना, ती तीन महिन्यांपलीकडे गेली की नोव्हिशिएट बाद.

दुरुस्ती छापणार असाल तर चौकटीएवढीच मोठी छापा. मागच्या वेळी ब्रह्मचर्याविषयीची दुरुस्ती आपण वधू-वर जाहिरातींच्या खाली छापली होती.

आपला,
एक जुना वाचक